वैशाखांतला बाळंतविडा

चैत्र सरत आला कीं आमच्या भंडाऱ्याकडे विणकामाच्या सुया पेटींत जातात. लोंकरीचे गुंडे गांठोड्यांत, गुंड्यांमध्यें कडुनिंबाचा वाळलेला पाला, आणि गांठोडें माळ्यावर. तें खालीं यावयाचें तें मार्गशीर्षांत. हा क्रम आम्ही लहानपणापासून पाहत आलों आहों, आणि तो गैर आहे असेंही नाहीं. वैशाखांत वैनगंगेच्या कांठीं पारा ४५ अंशांच्या आसपास असतां मांडीवर लोंकर घेऊन कोण बसणार? परंतु या क्रमानें घरोघर एक समजूत रुजविली आहे, ती ही कीं विणकाम म्हणजे लोंकर, आणि उन्हाळ्याचा व सुयांचा संबंध नाहीं. गेल्या अंकीं या सदरांत आम्हीं दारावरच्या क्रोशाच्या तोरणाविषयीं लिहिलें होतें. या खेपेस लिहावयाचें तें या समजुतीविषयीं. तिचा भुर्दंड गेल्या वैशाखांत आमच्या घरच्या एका बारा दिवसांच्या जिवाला सोसावा लागला. म्हणून हा विषय आम्हांस निव्वळ हौसेचा वाटत नाहीं.

आमच्या थोरल्या जाऊबाईंची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली होती. जाऊबाईंचा हात विणकामांत असा कीं, बोलतां बोलतां, दिवा नसला तरी, त्या मोज्याची टांच वळवितात. मुलीला दिवस असल्याची वार्ता नवरात्रांत कळली, मार्गशीर्षांत माळ्यावरचें गांठोडें खालीं आलें, आणि महाशिवरात्रीपर्यंत बाळंतविडा तयार झाला. टोपडें, झबलें, हातमोजे, पायमोजे, आणि कांठाला शिंपल्यांची वेल काढलेलें दुपटें. सारें एका फिकट पिवळ्या रंगाचें. घरांतल्या आम्हां सहाजणींनीं तो पाहिला, हातांत घेऊन वाखाणला, आणि आमच्यांतल्या एकीच्याही मनांत आलें नाहीं कीं हें बाळ येणार कोणत्या महिन्यांत.

बाळ आलें वैशाखांत. मुलगी झाली. बारशाच्या दिवशीं माजघरांत चाळीस माणसें, वीज गेलेली, आणि पाळण्यांत पोर टोपड्यापासून मोज्यांपर्यंत पिवळीधमक नटलेली. कानांत नांव सांगून होतें न होतें तों ती रडूं लागली ती थांबेना. कोणी म्हणालें दृष्ट लागली, कोणी म्हणालें पोट दुखत असेल. मीठ-मोहऱ्या ओंवाळून झाल्या, ओंव्याची पुरचुंडी शेकून झाली. आमच्या शेजारच्या डॉक्टरीणबाई जेवावयास आल्या होत्या. त्यांनीं पोरीला उचललें, मानेखालीं दोन बोटें घातलीं, आणि एक शब्द न बोलतां आधीं टोपडें काढलें, मग झबलें, मग मोजे. मान, काखा, छाती बारीक लाल पुरळानें भरली होती. अंग कढत लागत होतें. ओल्या फडक्यानें पुसून, जुन्या धोतराच्या तुकड्यावर तिला उघडीच निजवितांच घटकाभरांत ती शांत झाली. "घामोळें आहे. पण अजून तासभर असेंच ठेवलें असतें तर आपण सगळेच धांवत दवाखान्यांत गेलों असतों," एवढेंच त्या बोलल्या. जाऊबाईंनीं तो पिवळा संच नीट घडी करून कपाटांत ठेवला. त्या दिवशीं त्या जेवल्या नाहींत. कोणीं आग्रहही केला नाहीं, कारण काय म्हणून करावा हें कोणास सुचेना.

चूक म्हणावी तर ती जाऊबाईंची एकटीची नव्हती. तान्ह्या मुलाच्या घर्मग्रंथींच्या वाटा अद्याप पुरत्या उघडलेल्या नसतात; घाम बाहेर पडावयाचा तो त्वचेखालींच अडतो आणि त्याचें पुरळ होतें. त्यांत अंगावर जें घालावयाचें त्याची जात आपण पाहत नाहीं. दुकानांत आपण 'लोंकर' म्हणून मागतों आणि दुकानदारही लोंकर म्हणूनच देतो; परंतु तें सूत बहुधा मेंढीच्या अंगावरचें नसतें. तें ॲक्रिलिक, म्हणजे खनिज तेलापासून काढलेल्या रसायनाचा धागा असतो. अमेरिकेच्या ड्यू पाँ कंपनीनें तो १९४१ सालीं सिद्ध केला व १९५० च्या सुमारास तो बाजारांत आला. प्रत्येक तंतूची हवेंतला ओलावा धरून ठेवण्याची ऐपत ठरलेली असते. कापडशास्त्राच्या प्रमाणित हवेंत १०० भार कोरडा कापूस सुमारें साडेआठ भार पाणी धरतो, जवसाचा तंतु सुमारें १२, आणि खरी लोंकर सुमारें १६. ॲक्रिलिक मात्र दीड ते दोन भार. या आंकड्यांवरून कोणी म्हणेल, मग खरी लोंकर सर्वांत उत्तम. ओलावा शोषण्यांत ती उत्तम खरीच. पण तिच्या कुरळ्या तंतूंत हवा कोंडून राहते आणि ती कोंडलेली हवाच ऊब देते. म्हणून ती पौषांत उत्तम. ॲक्रिलिकमध्यें ऊब लोंकरीची नि ओलावा टिपण्याची ताकद जवळ जवळ शून्य, असा दुहेरी योग आहे. आमच्या पोरीच्या अंगावर तोच होता.

आतां कोणी विचारील कीं, सुताचें विणकाम म्हणजे मूळ कलेला दिलेलें ठिगळ तर नव्हे? वस्तुस्थिति उलट आहे. सुयांवरच्या विणीचे जगांत जे जुन्यांतले जुने नमुने शिल्लक आहेत, ते इजिप्तमध्यें सांपडलेले पायमोजे होत. काळ सुमारें अकराव्या ते चौदाव्या शतकाचा. आणि त्यांतले पुष्कळसे लोंकरीचे नसून पांढऱ्या व निळींत रंगविलेल्या कापसाच्या सुताचे आहेत. म्हणजे ज्या देशांत आपल्याइतकेंच ऊन पडतें, तेथें ही कला सुतावर नांदत होती. पुढें युरोपांत थंडीनें व मेंढ्यांनीं तिच्या हातीं लोंकर दिली, आणि आपल्याकडे एकोणिसाव्या शतकांत मिशनरी शाळांतून व मडमांच्या संगतींतून ती आली ती लोंकर पांघरूनच. १९६२ सालीं चीनच्या आक्रमणाच्या वेळीं जवानांकरितां घरोघर स्वेटर विणले गेले, तेव्हां तर सुया आणि लोंकर यांची गांठ कायमची बसली. क्रोशाचें तसें झालें नाहीं. तो पहिल्यापासून सुताशीं एकनिष्ठ राहिला. गोदावरीच्या मुखाजवळ आंध्रांत नरसापूर म्हणून गांव आहे. तेथील बायका मिशनऱ्यांनीं एकोणिसाव्या शतकांत शिकविलेली सुती क्रोशाची जाळी आजही घरीं बसून करतात, आणि २०२४ सालीं त्या कामास भौगोलिक मानांकनही मिळालें. आपल्या घरांतून मात्र क्रोशा रुमालांपुरता उरला. आमच्या आजोळीं रेडिओला क्रोशाचा झगा होता, घड्याळाला होता, पाण्याच्या तांब्याला होता. आजीच्या अंगावर कधीं क्रोशाचा एक टांका आम्हीं पाहिला नाहीं.

आणि झाडाच्या तंतूची जाळी आपणांस नवी आहे, असें तरी कसें म्हणावें? दुधाचें भांडें मांजरापासून राखावयास आढ्याला टांगलेलें शिंकें अंबाडीच्या सुतळीचेंच असे. आमच्या जिल्ह्यांत तळीं फार, आणि ढीवर लोकांचीं जाळीं नायलॉन येण्यापूर्वीं सणाच्या व कापसाच्या दोऱ्याचींच असत. एकेक घर मोजून, गांठ मारून केलेलें तें काम कोणत्याही क्रोशाच्या जाळीहून हलक्या हाताचें नाहीं. पवनीच्या कोष्टी विणकरांची सुती लुगडीं-धोतरें तर आमच्या आजे-सासऱ्यांच्या तोंडीं नेहमीं असत. येथें एक गोष्ट मध्येंच सांगून टाकतों, कारण मागें एका भगिनीनें तसें विचारलें होतें. मोहाडी-आंधळगांवचा कोसा आपण सोंवळ्यांत वापरतों, आणि त्याचा किडा ऐनाच्या व अर्जुनाच्या पाल्यावर पोसतो, हें खरें. तरी त्याचा धागा किड्याचा, झाडाचा नव्हे. तो वनस्पतिज तंतूंत धरतां येत नाहीं. शिवाय तान्ह्या मुलासाठीं तो खरखरीत.

झाडाच्या तंतूंत आम्हांस सर्वांत जवळचें, आणि सर्वांत दुरावलेलें, तें जवस. आमच्याकडे धानाच्या बांधींत पीक उभें असतांनाच, कापणीपूर्वीं, ओलीवर जवस नि लाखोरी फेंकून पेरण्याची चाल आहे. निळीं फुलें येतात, बोंडें धरतात, बी झोडून तेल नि चटणी होते, आणि काड्या चुलींत जातात. ज्याला परदेशीं 'लिनन' म्हणतात आणि ज्याचा सदरा आपला मुलगा मोठ्या शहरांतून भारी दामानें आणतो, तें कापड याच वनस्पतीच्या काडीचें आहे! फरक एवढाच कीं, फ्रान्स-बेल्जमकडे तंतूसाठीं लावतात तें जवस कमरेच्याही वर वाढतें व शेंड्याशींच फांटतें. आपलें तेलाचें जवस बुटकें नि फांद्यांचें, त्यामुळें त्याचा तंतु आंखूड. कानपूरच्या कृषि विद्यापीठानें 'गौरव', 'शिखा', 'रश्मि', 'पार्वती' असे बी व तंतु दोन्ही देणारे वाण काढले आहेत. नागपूरच्या कृषि महाविद्यालयांतही जवसावर संशोधन चालतें, परंतु तेथला भर तेलावर आहे. आपल्या देशांत लिननचें सूत निघतें तें मुख्यतः बाहेरून आणलेल्या तंतूचें.

आम्हीं गेल्या फाल्गुनांत हौसेनें जवसाच्या काड्यांची एक पेंढी परसांतल्या टांक्यांत कुजत घातली. सणाची, अंबाडीची रीत तीच; पाण्यांतले सूक्ष्म जीव काडींतला चिकट द्रव खातात आणि साल सुटी होते. आठव्या दिवशीं वास असा सुटला कीं मामंजींनीं देवपूजा पुढच्या पडवींत हलविली. पेंढी वाळवून, मोगरीनें कुटून, फणीनें विंचरून हातीं आला तो ओंजळभर पिंगट पुंजका. त्यांत वीतभर लांबीचा धागा एखादाच. तकलीवर त्याचें जें सूत निघालें, त्यानें देवघरांतली समई पुसावयाची चिंधी कशीबशी विणली. ती आहे मात्र अद्याप. दहा धुण्यांत अधिकच मऊ होत चालली आहे. विकतचें लिनन सूतही असेंच आरंभीं ताठ लागतें, आणि घाबरून तें परत करूं नये.

बांबूचें म्हणून जें रेशमासारखें मऊ सूत हल्लीं मिळतें, त्याविषयीं सावध केलेलें बरें. बांबू आपल्या रानांतला, बुरूड त्याच्या टोपल्या करतात, म्हणून नांव ऐकून माया वाटते. परंतु तें सूत बांबूचा लगदा तीव्र रसायनांत विरघळवून, बारीक छिद्रांतून ओढून केलेलें असतें. जवसासारखें काडींतून सोललेलें नसतें. त्याला व्हिस्कोज किंवा रेयॉन म्हणावें, नुसतें बांबू म्हणूं नये, या कारणावरून २०१३ सालीं अमेरिकेच्या व्यापार आयोगानें कांहीं मोठ्या दुकानदारांना दंड करविला होता. अंगाला तें थंड लागतें, हें नाकारीत नाहीं. पण कापूस व जवस ओले झाले म्हणजे अधिक बळकट होतात आणि व्हिस्कोज ओलें झालें म्हणजे निम्मे दुबळें होतें. रोज दोनदां धुवावयाच्या बाळाच्या कपड्याला तें काय कामाचें? म्हणून जाऊबाईंच्या पुढें अखेर राहिला तो कापूस.

बारशाच्या तिसऱ्या दिवशीं त्या स्वतः बाजारांत जाऊन बिनरंगी कोऱ्या सुताच्या लड्या घेऊन आल्या. कोणाशीं बोलल्या नाहींत. चार दिवसांत झबलें झालें, दिसावयास देखणें. आणि पहिल्या धुण्यानंतर दोरीवर वाळत घातलें तें वाळेपर्यंत तीन बोटें लांब होऊन गळा खांद्यावरून उतरूं लागलें. आम्ही जवळ होतों. त्यांनीं तें हातांत घेऊन उलटसुलट पाहिलें, आणि म्हणाल्या, "अगं, चाळीस वर्षें विणतें आहें मी, आणि मला सूत कळलेलें नाहीं." मग तेथेंच बसून त्यांनीं तें सारें उसवलें.

कळावयाचें होतें तें एवढेंच: लोंकरीला स्प्रिंगेसारखा जीव आहे, सुताला नाहीं. लोंकरीचा टांका ओढला तर मागें येतो. सुताचा टांका ओढला तर तसाच राहतो. त्यांतून सूत जड, आणि ओलें झाल्यावर त्याचा भार टांक्यांना खालीं ओढतो. लोंकरीच्या संवयीनें जाऊबाईंनीं ८ नंबरची सुई घेतली होती व हात सैल सोडला होता. सुताला एक-दोन नंबर बारीक सुई लागते (आपल्याकडचा सुयांचा नंबर वाढला कीं सुई बारीक, हें नव्या मुलींनीं ध्यानांत ठेवावें, कारण परदेशी पुस्तकांत व मोबाइलवरच्या धड्यांत कोठें मिलिमीटर असतात, कोठें उलट क्रम). सुलट-उलट पट्टी लोंकरींत जशी मनगटाला आवळून धरते तशी सुतांत धरत नाहीं. तिच्या भरंवशावर बाही, मोजा कांहीं ठेवूं नये. आणि सर्वांत मुख्य, नमुन्याचा चौकोन. आपण तो विणतच नाहीं, विणला तर कोरडाच मोजतों. सुताचा चौकोन एक वीत लांब-रुंद विणावा, धुवावा, खालच्या कांठाला चार चिमटे लावून टांगता वाळवावा, आणि मग टांके मोजावे. जें माप येईल तेंच खरें. हा एक दिवसाचा उशीर जाऊबाईंना फार जड गेला; त्यांनीं तो चौकोन विणला, पण आम्हांवर उपकार केल्यासारखा.

त्यांचें दुसरें झबलें टिकलें. आजवर तें घरांतल्या दुसऱ्या एका बाळानेंही वापरलें आहे, म्हणून त्याची कृति येथें देतों. चारपदरी, कमी पिळाचें, बिनचकाकीचें सूत १०० ग्रॅम घ्यावें, थोडें उरेल. चकाकीचें, म्हणजे कॉस्टिक सोड्यांतून काढलेलें मर्सराइज्ड सूत बळकट असतें, पण तान्ह्याच्या अंगाला तें तितकें मऊ लागत नाहीं. लड विणण्यापूर्वींच एकदां गरम पाण्यांतून काढून वाळवावी, म्हणजे आटावयाचें तें आधींच आटतें. सुया १० नंबरच्या, शक्य तर लांकडी. उन्हाळ्यांत घामेजल्या हाताला धातूची सुई बुळबुळीत होते. वीण दोन्ही बाजूंनीं सुलट. ही वीण साधी म्हणून नाक मुरडूं नये. तिचे कांठ वळत नाहींत. धुतलेल्या चौकोनांत १० सेंटिमीटरांत २४ टांके यावे.

पाठीच्या खालच्या कांठापासून आरंभ करावा. ५२ टांके घालून १७ सेंटिमीटर सरळ विणावें. मग पुढील दोन ओळींच्या शेवटीं प्रत्येकीं २० टांके बाहीचे घालावे, म्हणजे ९२ होतात. आठ सेंटिमीटर विणून झाल्यावर ३६ टांके विणावे, मधले २० गळ्याचे बंद करावे, उरलेले ३६ विणावे. आतां एक बाजू जादा सुईवर थांबवून दुसरी पुरी करावी. चार ओळी सरळ. नंतर गळ्याच्या कडेला एक आड एक ओळींत एकेक टांका वाढवीत १६ टांके वाढवावे. पुढच्या बाजूची बाही आठ सेंटिमीटर भरली कीं बाहीचे २० टांके बंद करावे. सुईवर ३२ राहतील. त्यांवर १७ सेंटिमीटर विणून संपवावें. दुसरी बाजू तशीच, उलट हातानें. दोन्ही पुढचे भाग एकमेकांवर सुमारें पांच सेंटिमीटर येतात व छातीचा घेर ४३ सेंटिमीटर होतो. नवजात मुलाच्या अंगावर तो ऐसपैस बसतो, आणि हवा खेळावयाची ती याच ऐसपैसपणांतून. डोक्यावरून ओढावयाचें कांहीं नाहीं, त्यामुळें मान न सांवरणाऱ्या बाळाला निजलेलें असतांनाच तें घालतां येतें. बगलेची शिवण बाहेरच्या अंगास घ्यावी. दिसावयास ती थोडी खेडवळ दिसेल, पण बाळाला टोंचणार नाहीं. बंद विणूं नयेत. जुन्या धोतराच्या मऊ पट्टीचे चार बंद शिवावे, आणि कोणताही बंद १५ सेंटिमीटरांहून लांब ठेवूं नये. लांब बंद गळ्याभोंवतीं जाण्याचें भय असतें.

जाळीचा मोह येथें टाळावा, हें आम्ही विशेष करून सांगतों. उन्हाळ्याचें काम म्हटलें कीं जाळी सुचते, आणि मोठ्या माणसांसाठीं ती योग्यच आहे. परंतु तान्ह्याचें बोट जाळीच्या घरांत अडकतें. हातमोज्याच्या आंत सुटलेला एखादा दोरा बोटाभोंवतीं गुंडाळला जाऊन रक्त अडल्याच्या घटना वैद्यकांत नमूद आहेत; बाळ रडतें आणि कारण मोज्याच्या आंत असल्यानें कोणास दिसत नाहीं. वैशाखांत हातमोजे-पायमोजे मुळींच करूं नयेत. नखें काढावीं, म्हणजे झालें.

टोपड्याचा प्रश्न आमच्या घरीं सर्वांत कठीण गेला, कारण तेथें सासूबाईंचा शब्द होता. त्या ८५ वर्षांच्या. त्यांच्या हातून या घरांत अकरा पोरें न्हाऊन-माखून निघालीं. टाळू उघडी ठेवावयाची नाहीं, हा त्यांचा नियम. डॉक्टरीणबाईंनीं तो नियम उडवून लावला नाहीं. त्या सासूबाईंजवळ बसल्या नि म्हणाल्या, "आई, तुमचीं अकरा बाळें न्हाणीच्या अंधाऱ्या खोलींत, मातीच्या भिंतींच्या गारव्यांत होतीं. ही स्लॅबच्या खोलींत आहे." मग त्यांनीं समजावून सांगितलें कीं, तान्ह्याचें डोकें अंगाच्या मानानें मोठें असतें, आणि कोंडलेली उष्णता बाहेर पडण्याची मोठी वाट तीच. जन्मल्यावर पहिले कांहीं तास, किंवा बाळ कमी दिवसांचें, कमी वजनाचें असेल तर, टोपडें हवेंच, व तें किती वेळ ठेवावें हें डॉक्टरांनीं सांगावें. त्यानंतर घरांत निजतांना डोक्यावर कांहीं नको. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेंही २०२२ सालीं असाच सल्ला दिला आहे. सासूबाईंनीं थोडा वेळ विचार केला आणि विचारलें, "बाहेर उन्हांत नेतांना?" तेव्हां मलमलीची एकपदरी कुंची, असें ठरलें. ती सासूबाईंनीं स्वतः शिवली. टांके वाकडे आहेत. ती कुंची आतां कोणी हरवूं देणार नाहीं.

मोठ्या माणसांसाठीं जाळीचें काम करावयाचें तर क्रोशा उत्तम. एक खांब, दोन साखळ्या, खालचे दोन टांके सोडून पुन्हां खांब, या घराच्या जाळीची ओढणी वा खांद्यावरचें वस्त्र ४० नंबरच्या दोऱ्यांत हलकें होतें. २० नंबरचा दोरा जाड, तो पिशव्यांना व पडद्यांना घ्यावा. घर चौकोनी राहावें म्हणून खांब ओढून उंच करूं नये. वस्त्र लांबीकडून आरंभावें, रुंदीकडून नव्हे. म्हणजे खांब लोंबण्याच्या दिशेला आडवे येतात आणि ओढणी वर्षानें नेसूचें लुगडें होत नाहीं. याहून अधिक या खेपेस सांगत नाहीं.

सुती विणीचे कपडे पिळूं नयेत. पंचांत गुंडाळून दाबावे आणि सावलींत, खाटेवर पसरून वाळवावे. दोरीवर टाकले कीं जाऊबाईंच्या पहिल्या झबल्याची गत होते. माळ्यावर ठेवतांना स्टार्च राहूं देऊं नये. कसर त्यालाच लागते.

पिवळा संच कपाटांत तसाच होता. पौषांत पोर आठ महिन्यांची झाली तेव्हां झबलें नि मोजे तिला येईनात. दुपटें मात्र आलें, आणि थंडीच्या दोन महिन्यांत तें तिनें ओढून, चोखून, शिंपल्यांच्या वेलीची एक बाजू उसवून टाकली. जाऊबाईंनीं ती बाजू अद्याप नीट केलेली नाहीं. त्यांच्याकडे सध्यां नात्यांतल्या दोघींच्या बाळंतविड्यांचें काम आहे, एकीचा आषाढांतला, एकीचा कार्तिकांतला. आषाढाच्या झबल्यासाठीं धुतलेला चौकोन आज सकाळपासून चार चिमटे लावून पडवींत टांगला आहे, आणि येतां-जातां कोणीं त्याला हात लावूं नये म्हणून त्या तेथेंच पाट टाकून बसल्या आहेत.